उलटून बघायला शिकवणाऱ्या काकांना

जुन्या बाजारातल्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला लागले की तुम्ही "बस, बस, चहा घे आधी" म्हणून विषय संपवता. सहा वर्षांत निदान दहा वेळा असं झालंय. म्हणून आज पत्र लिहितेय, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळते. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच. त्याला सांगा, घाई न करता वाच.

पहिला रविवार मला अजून आठवतो. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो, एवढंच ऐकून आले होते. नळाच्या तोट्या, पितळी दिवे, घड्याळांचे पट्टे, इस्त्र्या ओलांडत तुमच्या ताडपत्रीपाशी पोचले. कोपऱ्यात जुन्या पाकिटांचा गठ्ठा होता आणि त्यात 1966 सालचं 15 पैशांचं टपाल तिकीट दिसलं, बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं म्हणून काढलेलं. माझा हात थरथरला असणार, कारण तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "हॉकी खेळायचीस का?" मी म्हटलं, "खडकीची आहे, शाळेत फुलबॅक होते." तुम्ही तिकीट चिमट्याने उचललंत, पालथं केलंत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. "पोरी, आधी उलटून बघ. पुढून सगळंच छान दिसतं."

मागे जुन्या अल्बमच्या कागदाचा तुकडा चिकटलेला होता आणि एका कोपऱ्यात कागद इतका विरळ झाला होता की उजेड आरपार दिसत होता. पुढून काही कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "याचे 20 देऊ नकोस, 5 दे." विकणाराच भाव कमी करतोय, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्याआधी मी एकदा चांगलीच फसले होते, हे तुम्हाला तिसऱ्या भेटीत सांगितलं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आमच्या खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले यांच्या सहीचा फोटो 1800 रुपयांना घेतला होता. माझ्यासाठी 1800 म्हणजे चार महिन्यांची हौस. पगारातून महिन्याला 400 ते 500 रुपयेच मी या छंदाला काढते. फोटो दाखवायला आणला तेव्हा तुम्ही पुढची बाजू बघितलीही नाहीत. पाठीमागून बोट फिरवलंत. पेनाने जोर देऊन सही केली असती तर एखादी तरी रेघ मागे उठली असती. मग सहीवर भिंग ठेवलंत, तर रेघेच्या जागी बारीक बारीक ठिपके. सही फोटोबरोबरच छापलेली होती. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही रागावला नाहीत, हसलाही नाहीत. म्हणालात, "धनराजच्या वस्तीतली पोरगी तू. सही विकत कशाला घेतेस? पेपर शोध."

हे वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत होते. आमच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला मुलगा, वडील मैदानाची देखभाल करणारे, भावांबरोबर तुटक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन चिखलात खेळला, आणि पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळून आला. त्याची आठवण जपायला सही कशाला लागते? डिसेंबर 1998 मध्ये त्याच्या कप्तानीखाली भारताने बँकॉकला कोरियाला हरवून सुवर्ण आणलं तेव्हा मी आठवीत होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं पान आमच्या घरी कपाटाच्या फळीवर अंथरलं गेलं आणि एका दिवाळीत साफसफाईत गेलं. तेच पान दोन वर्षांनी तुमच्या रद्दीत मिळालं, 10 रुपयांना. आज माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर 1966 चं ते विरळ तिकीट आणि 1998 ची ती बातमी शेजारी शेजारी आहेत. दोन्ही सुवर्णं बँकॉकची, मध्ये 32 वर्षं. दोन्ही मिळून 15 रुपयांचं ते पान आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तेच दाखवते.

कार्डांचं तर सगळं श्रेय तुमचं. मला लहानपणापासून हॉकीची कार्डं हवी होती. आमच्या पोरांकडे कुस्तीची आणि क्रिकेटची कार्डं असायची, हॉकीची मला कधी दिसलीच नाहीत. नेटवर शोधलं तर सगळी बर्फावरच्या हॉकीची, कॅनडा-अमेरिकेची. तिथे वेन ग्रेट्स्कीचं 1979 सालचं ओ-पी-ची कंपनीचं एक कार्ड 2021 मध्ये 37 लाख 50 हजार डॉलरला गेलं, हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला होता. पण आतेभावाने टोरांटोहून येताना 1990-91 च्या हंगामातल्या कार्डांची आख्खी पेटी आणली. त्या काळात तिथल्या कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की आजही ती घरोघरी पडून आहेत आणि कवडीमोलाने मिळतात. जुनं म्हणजे महाग असं नसतं, लोकांनी फेकून दिलेलं महाग होतं आणि सगळ्यांनी जपून ठेवलेलं स्वस्त राहतं, हे मला त्या पेटीने शिकवलं.

त्यातली मूठभर कार्डं मी तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही अर्थातच उलटलीत. मागे खेळाडूची उंची, वजन, गाव, आणि प्रत्येक हंगामातले सामने, गोल, गोलसाठी दिलेले पास, सगळं ओळीने मांडलेलं. काही कार्डांवर तेच इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. तुम्ही बराच वेळ ते कार्ड धरून बसलात. गिऱ्हाईक येऊन गेलं तरी लक्ष नव्हतं. मग म्हणालात, "आपल्यांचं असं कुणी केलं नाही?" मी म्हटलं, माझ्या तरी बघण्यात नाही. "मग तू कर की. कातर आहे ना घरी?"

काका, त्या एका प्रश्नाने माझा छंद बदलला. त्याच मापाची, अडीच बाय साडेतीन इंचांची कार्डं मी करायला लागले. मूळ कात्रणाला हात लावायचा नाही, त्याची झेरॉक्स काढायची, हा नियम तुमचाच. लग्नपत्रिकांचा जाड कागद तुम्ही बाजूला काढून ठेवायला लागलात. पुढे फोटो, मागे मराठीत आकडे. ध्यानचंदांच्या कार्डामागे लिहिलं: जन्म 29 ऑगस्ट 1905, सुवर्ण 1928 ॲमस्टरडॅम, 1932 लॉस एंजेलिस, 1936 बर्लिन. रूपसिंगांच्या मागे लिहिलं की 1932 मध्ये अमेरिकेला 24-1 ने हरवलं त्यात त्यांचे एकट्याचे 10 गोल आणि मोठ्या भावाचे 8. अशोककुमारांच्या मागे 1975, क्वालालंपूर, पाकिस्तानविरुद्ध 2-1, विश्वचषक. ध्यानचंद, रूपसिंग, अशोककुमार ही तीन कार्डं शेजारी ठेवली की एका घराचा वंशवृक्ष होतो, वडील, काका आणि मुलगा. हे मला मागची बाजू लिहिताना उमगलं, फोटो चिकटवताना नाही. आतापर्यंत 86 कार्डं झालीत. एका कार्डाला सगळं मिळून 4 रुपयेही लागत नाहीत.

"सगळी हॉकी गोळा करायला गेलीस तर भिकेला लागशील. खडकी धर, आणि खडकीशी जोडलेलं धर." हाही तुमचाच सल्ला, आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. एकदा हद्द आखून घेतल्यावर मोह कमी झाला. परदेशी जर्सी, चकचकीत फ्रेमा यांच्याकडे बघणंच थांबलं. नवीन तिकीट निघालं की साधू वासवानी चौकातल्या मोठ्या पोस्टात जाऊन छापील किमतीला घेते, वर्षभराने दुप्पट देण्यापेक्षा. तुमच्याकडेही बोहनीच्या वेळेला येत नाही, कारण तेव्हा व्यापारी असतात आणि भाव चढलेला असतो. दुपारी आवराआवरीच्या आधी येते आणि एकेक वस्तू न निवडता गठ्ठा मागते. गठ्ठ्यात नको ते खूप येतं, पण हवं ते कधीकधी लपून आलेलं असतं.

तसाच तो फोटो आला.

त्या रविवारी पाऊस होता आणि तुम्ही माल झाकून बसला होतात. मला बघून ताडपत्रीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलंत. जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला काळा-पांढरा फोटो, हॉकीचा संघ, तीन रांगा, मागे कौलारू इमारत. खालच्या रांगेत मांडी घालून बसलेला गोलकीपर, त्याच्या पायांवर वेताचे जाड पॅड, आणि एका पॅडचा पट्टा तुटलेला म्हणून सुतळीने बांधलेला. मधल्या रांगेतल्या दोघांच्या हातातल्या स्टिका आजच्यापेक्षा लांब वळणाच्या. मी भिंग लावून पट्ट्याची ती सुतळी कितीतरी वेळ बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त बोट गोल फिरवलंत. मी फोटो उलटला. मागे पेन्सिलीने नावं, अर्ध्याहून अधिक पुसलेली, आणि खाली एकच शब्द स्वच्छ: "किरकी", म्हणजे खडकीचं इंग्रजांच्या काळातलं नाव.

त्या फोटोला एका माणसाने आदल्या बुधवारी 500 रुपये देऊ केले होते, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. शेजारच्या गाळेवाल्या मावशींकडून नंतर कळलं. त्याला हॉटेलच्या भिंतीवर लावायला जुने फोटो हवे होते, पुठ्ठ्यावरून काढून फ्रेम करणार होता. तुम्ही त्याला "दिलाय" म्हणालात आणि मला 60 रुपयांना दिलात. तुमचंही पोट या मालावरच आहे, हे मला माहीत आहे. पावसाळ्यात किती रविवार कोरडे जातात तेही मी पाहिलंय. ते 440 रुपये तुम्ही कशावर सोडलेत, हे मी विसरणार नाही. या पत्राचं खरं कारण हेच आहे.

सांभाळायचं कसं तेही तुम्हीच शिकवलंत. लॅमिनेशन नाही, सेलोटेप तर अजिबात नाही, चिकट पानांचे अल्बम नाहीत. पाकिटावरचं तिकीट पाण्यात सोडवायचं नाही, शिक्क्यासकट पाकीटच ठेवायचं. पुण्याच्या पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि मागे काही लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, कारण शाई पुढे झिरपते आणि ती परत काढता येत नाही.

तुमच्याकडून घेतलेली ती तुतीच्या लाकडाची स्टिक मी 29 ऑगस्टला भाचीच्या शाळेत नेली होती. राष्ट्रीय क्रीडा दिन होता, बाईंनी दोन टेबलं दिली होती. मुलींना दाखवलं की स्टिकची एक बाजू सपाट असते आणि दुसरी गोल, आणि गोल बाजूने बॉल मारला की फाऊल. एका चौथीतल्या मुलीने स्टिक हातात घेतली आणि लगेच पालथी करून मागची बाजू बघितली. मग कार्डांकडे वळली आणि एकेक उलटायला लागली. अर्धा तास ती टेबलापासून हलली नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, काका. मला तिथे तुमची फार आठवण झाली.

आता एक बातमी. त्या फोटोची रंगीत झेरॉक्स घेऊन मी खडकी बाजारातल्या जुन्या लोकांना भेटत होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. चार नावं गेल्या वर्षीच लागली होती. गेल्या आठवड्यात एका आजींनी चष्मा पुसून फोटो डोळ्यांजवळ धरला आणि सुतळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हे आमचे मामा. तो पट्टा माझ्या आईने बांधून दिला होता."

रविवारी दुपारी येतेय. मूळ फोटो घेऊन येईन आणि मऊ पेन्सिलही. गोलकीपरचं नाव मागे तुम्हीच लिहायचं आहे.

तुमची,
खडकीची पोरगी