शाळेच्या मैदानाची चावी संध्याकाळी कोणाकडं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवर राहतो, दिवसभर मोटार रिवाइंडिंगचं काम आणि गेली दोन वर्षं संध्याकाळी वस्तीवरच्या पोरापोरींना खो-खो शिकवतो. कोच वगैरे नाही हो, कॉलेजात खेळायचो तेवढंच. खो-खोच का, तर खर्च नाही. दोन खांब, फक्की आणि 27 बाय 16 मीटर सपाट जागा, झालं. खांब लिंबाच्या लाकडाचे केले, पण वळताना पोरींच्या हातात कुसळं घुसायला लागली म्हणून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, आता पकड अशी बसते की विचारू नका.

घोडं अडलंय जागेवर. वस्तीभोवती सगळा खडकाळ माळ, डाइव्ह मारली की गुडघा फुटलाच. गावातल्या शाळेचं मैदान मऊ मातीचं आहे पण पाच वाजले की गेटला कुलूप. पोरं गेटवरून उड्या टाकून आत जातात आणि बोलणी मी खातो. हेडमास्तर म्हणाले शाळेच्या समितीला विचारा, समिती म्हणाली ग्रामपंचायतीत जा, तिथं सांगितलं पंचायत समितीचं लेखी आणा, आणि तिथले साहेब म्हणतात हा तुमचा गावातला विषय. आठ महिने झाले या चकरांना. कारण काय तर मागं कुणीतरी रात्री आत बसून बाटल्या फोडल्या होत्या. खरंय ते, काचा मीच वेचल्यात. पण बाटलीवाले कुलपाला कधी भ्यायलेत, ते भिंतीवरून येतात.

एकानं सल्ला दिला, आधी मंडळ रजिस्टर करा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यानं निदान सात जण लागतात. जमवले सात, पण कागद तयार होईपर्यंत त्यातले दोघं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरले, ते आता पावसाळ्याच्या तोंडालाच वर येणार. त्यांच्याबरोबर निम्मी टीम पण गेली. मैदानात नऊ लागतात, आमच्याकडं उरल्या आठ. नववीला मग तिसरीतली एक चिमुरडी बसवतो, खो मिळाला की ती आधी हसते मग पळते.

ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची, 2016 ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल धावली. इकडं एकही भाषण तिच्या नावाशिवाय होत नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पोरं आणि पोरी दोन्ही टीमनी फायनलला नेपाळला हरवलं, तेव्हा आमची सगळी वस्ती एका मोबाईलवर वाकली होती. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप होतंच.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत निदान 75 टक्के पालक असतात. म्हणजे ज्यांची पोरं बाहेर उभी त्यांच्यातलेच लोक आत बसलेत. त्यांनी एक ठराव करावा, साडेपाच ते सात एवढाच वेळ द्यावा. चावीची जबाबदारी मी लेखी घेतो, काय मोडलं तर भरून देतो, आणि मुलींना घरापर्यंत सोडायला दोन पालक रोज येतात, तेही लिहून देतो. स्टेडियम, मॅट, टी-शर्ट काही मागत नाही.

तोपर्यंत माळावरचे दगड वेचतोय. कालपर्यंत चौदा घमेली निघाली.

आपला,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा