टेबल जड चालतंय म्हणालास, त्याबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मिलिंग मशीनची तक्रार तू इतकी बारकाईनं लिहिली आहेस की निम्मं काम तिथेच झालं. काम बांधायचं टेबल मधल्या भागात सैल, टोकांकडे घट्ट, आणि डावीकडे पूर्ण नेलं की हँडलला दोन्ही हात लावावे लागतात. वर विचारतोस, गिब, म्हणजे टेबलाचा खेळ जुळवायची पट्टी, थोडी ढिली करू का?

इतक्यात नको. हँडल जड लागतं म्हणजे टेबलच जड चालतंय असं नाही. मधे टेबल सरकवणारा लीड स्क्रू आहे, तो ज्यातून फिरतो तो नट आहे, स्क्रूचा रेटा झेलणारं थ्रस्ट बेअरिंग आहे, दोन्ही टोकांना स्क्रू धरणारी ब्रॅकेट आहेत. यातलं नेमकं कोण अडतंय हे कळायच्या आत गिब फिरवलीस, तर आजार एकाचा आणि औषध दुसऱ्याला असं होईल.

आधी टेबलाचे लॉक बघ. हँडल सैल दिसतं, पण आतला पितळी गुटका जुन्या तेलाच्या चिकट्यानं स्लाइडला, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या पृष्ठाला, धरून बसलेला असतो. लॉकचा स्क्रू पूर्ण काढ, गुटका बाहेर घे आणि रॉकेलनं धू. काम क्षुल्लक आहे, पण बरेचदा रोग तेवढाच निघतो.

मग खरी परीक्षा. मशीनचा प्लग काढ. व्हाइस उतरवून ठेव. दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटांचे बोल्ट काढ, स्क्रू उलटा फिरवत नटातून सोडव आणि टेबल नुसतं हातानं ढकलून बघ. आता स्क्रूचा संबंध उरला नाही, जे लागेल ते फक्त स्लाइडचं. पण सांभाळून, अडवायला काहीच नसल्यामुळे टेबल एका बाजूला जास्त गेलं तर कलंडेल, आणि त्याच्याखाली बोट सापडलं तर बोटाची खैर नाही. हा प्रयोग नीवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या भागावर, चुकूनही करू नकोस. तिथे सगळं वजन स्क्रूनंच तोललेलं असतं.

टेबल हातानं सगळीकडे सारखं सरकलं तर स्लाइड निर्दोष, दोष स्क्रूच्या बाजूला. माझा संशय तिकडेच आहे, कारण तुझं डावं टोक उजव्यापेक्षा जास्त घट्ट आहे. नुसती झीज असती तर दोन्ही टोकं साधारण सारखीच जड लागली असती. टेबल डावीकडे पूर्ण गेलं की उजव्या हाताचं ब्रॅकेट नटाच्या अगदी जवळ येतं. एरवी दोघांमधला स्क्रूचा लांब भाग थोडा वाकून फरक पोटात घालतो. अंतर कमी झालं की त्याला वाकायला जागाच उरत नाही, आणि ब्रॅकेट नटाच्या रेषेत नसेल तर तो तिथेच कचकन धरतो.

उपाय सोपा आहे. जोडताना टेबल डाव्या टोकाला ने, उजव्या ब्रॅकेटचे बोल्ट फक्त बोटानं लाव आणि हँडल मागेपुढे फिरव. ब्रॅकेट आपली जागा स्वतः शोधेल. मग बोल्ट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळ आणि प्रत्येक वेळी हँडल फिरवून बघ. एखादा बोल्ट आवळताच हँडल जड झालं, तर तिथे बसायच्या जागेवर बर, म्हणजे धातूची उचललेली कड, किंवा रंगाचा थर आहे. ऑइलस्टोननं तेवढाच भाग साफ कर. जागा पक्की करणाऱ्या डोवेल पिना असतील तर त्या आधी काढाव्या लागतील, नाहीतर ब्रॅकेट हलणारच नाही. नट दोन तुकड्यांचा असेल तर तोही बघ. बॅकलॅश, म्हणजे हँडलचा मोकळा खेळ, मारण्याच्या हौसेपायी कोणी तो मधल्या झिजलेल्या आट्यांवर आवळून ठेवला असेल, तर टोकांच्या न झिजलेल्या आट्यांवर तो चावणारच.

आता स्लाइड. हातानं ढकलतानाही टोकांना घट्ट लागलं, तर ती झीज समज. काम बहुतेक मधेच होतं, म्हणून बीड तिथेच झिजतं. अशा मशीनची गिब मधे बसवायची नसते, सगळ्यात घट्ट जागी टेबल नेऊन बसवायची. मधे थोडा खेळ राहील, तो राहू दे. कट घेताना ज्या दिशेनं सरकवत नाहीस ती दिशा लॉक कर, कामापुरता ताठपणा मिळतो. कायमचा उपाय म्हणजे स्क्रेपिंग, म्हणजे पृष्ठ हातानं खरवडून सपाट करणं, आणि ते आपल्या घरच्या कामाला परवडणारं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझी गिब सरळ पट्टीची की उताराची, हे तू लिहिलं नाहीस. सरळ असेल तर बाजूनं ग्रब स्क्रू आणि चेक नट दिसतील. पट्टी काढून बघ, स्क्रूंच्या टोकांसाठी तिच्यावर छोटे खळगे असतात. पट्टी जराशी पुढेमागे बसली तर टोक खळग्याच्या कडेवर चढतं, पट्टी तिरकी होते, आणि मग कितीही जुळवलं तरी टेबल एकतर सैल नाहीतर जाम. प्रत्येक स्क्रू हलका टेकव, किंचित मागे घे, आणि ॲलन की तशीच धरून चेक नट आवळ. की सोडलीस तर नटाबरोबर स्क्रूही फिरतो. उताराची पट्टी असेल तर एका टोकाचा स्क्रू सोडून दुसरा आवळायचा, पण अगदी जपून. उतार 50 ला 1 असेल तर पट्टी 1 मिमी सरकली की फट 0.02 मिमीनं कमी होते, आणि एवढ्यानं चित्र बदलतं.

सगळं उघडलंच आहेस तर डोव्हटेलचे, म्हणजे स्लाइडच्या तिरक्या खाचेचे, कोपरे लाकडाच्या काडीनं खरवड. तेलात भिजून घट्ट झालेला बुरा तिथे दडलेला असतो. पॉलिश पेपर मात्र स्लाइडला लावू नकोस, त्याचे कण बिडात अडकून राहतात. तेलाच्या बारीक नळ्या फुंकून बघ, त्यातली एखादी बंद असायचीच. वंगणाला स्लाइडवेचं 68 ग्रेडचं तेल वापर. ग्रीस नको, बुरा धरून ठेवायला तिच्यासारखं काही नाही.

उजवं ब्रॅकेट ढिलं केल्यावर डाव्या टोकाला हँडल हलकं झालं का, आणि गिब कुठल्या प्रकारची निघाली, एवढं लगेच कळव. त्यावरून बाकीचं सांगतो.

तुझा,
अरुण