माझ्या आखूड बेसला योग्य तारा सुचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर मी आभाराचे बोलू लागले की आपण "तारा नीट लागल्या ना, मग झालं" म्हणून विषय बदलता. म्हणून आज हे पत्र लिहून, तेही जाहीरपणे, आपल्यापुढे ठेवत आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या आपल्या धानाच्या पट्ट्यात भीमजयंती, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांना गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची उणीव नाही. मात्र त्यांत कोणी बेस गिटार वाजवत असेल, आणि तोही आखूड स्केलचा असेल, तर त्याच्या तारांविषयी जाणतेपणाने सांगणारे माणूस तालुक्याच्या ठिकाणीही सहसा भेटत नाही. मला आपण भेटलात. आपण जे सांगितले ते माझ्यापुरते राहू नये, हाही या पत्राचा हेतू आहे.

माझा बेस ३० इंची स्केलचा आहे, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) घोडीपर्यंत तारेचा वाजणारा भाग ३० इंचांचा. दुकानात टांगलेल्या बहुतेक तारा मात्र ३४ इंची बेससाठी बनलेल्या असतात. कोणत्या कंपनीच्या तारा घ्याव्यात, एवढेच मी आपल्याला विचारले होते. आपण कोणत्याच कंपनीचे नाव घेतले नाही. घरात शिंपीकामाची टेप आहे का, असे विचारून आपण मला दोन मापे घ्यायला सांगितली: तारेच्या टोकाची गोळी घोडीमागे जिथे अडकते तिथपासून नटपर्यंतचे, आणि पुढे नटपासून ई (E) या सर्वांत जाड तारेच्या खुंटीपर्यंतचे. पहिले साडेएकतीस इंच भरले, दुसरे जेमतेम दोन. या दोन आकड्यांवरून आपण फोनवरच सांगितलेत की तारेचे पूर्ण जाडीचे वेष्टण साडेएकतीस इंचांच्या थोडे पुढे जावे आणि खुंटीला पोहोचण्याआधी ते बारीक झालेले असावे.

यामागचे कारण आपण समजावलेत ते असे. लांब स्केलची तार आखूड बेसवर चढवून उरलेले टोक कापून टाकता येते, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्या तारेचा जाड भाग आपल्या ई तारेच्या खुंटीच्याही पुढे जातो. चारही खुंट्या एका रांगेत असतील तर ई तारेची खुंटी नटला सर्वांत जवळ असते, आणि नेमकी सर्वांत जाड तार तिथेच वळवावी लागते. जाड वेष्टण खुंटीच्या खाचेत मावत नाही, वळताना आतल्या गाभ्यावरून सैल होते, आणि एकदा ते सैल झाले की तारेचा आवाज बसतो. सर्वांत बारीक अशा जी (G) तारेची खुंटी त्या रांगेत शेवटी असल्याने तिथे ही अडचण फारशी जाणवत नाही. उलट, वेष्टण कमी पडले आणि बारीक भाग किंवा त्यावरचा रंगीत रेशमी दोरा नटच्या अलीकडे आला, तरी तार बिघडलेलीच वाजते.

स्केल आणि तारेची लागणारी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण हॉफ्नर या कंपनीच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेसवरून पटवलेत. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे जगभर पोहोचलेला तो बेसही ३० इंचीच आहे. तरी त्याच्या तारा घोडीच्या बऱ्याच मागे, खाली बसवलेल्या पट्टीत अडकतात, आणि त्यामुळे त्याला आखूड स्केलच्या साध्या संचापेक्षा लांब तारा लागतात. पाकिटावरचा "शॉर्ट स्केल" हा शिक्का वाचून भागत नाही, टेप लावावीच लागते, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के झाले. आखूड बेस म्हणजे लहान मुलांचे वाद्य असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे, आणि त्या उदाहरणाने त्याचेही परस्पर उत्तर मिळाले.

लांबीनंतर आपण जाडीकडे वळलात, आणि या पत्रात मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते याविषयी. आमचे मुख्य गायक हार्मोनियमच्या काळी दोन पट्टीत गातात. त्यांच्या षड्जाला बेसची उघडी तार मिळावी म्हणून मी चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावते, म्हणजे ई तार बरोबर काळी दोनवर येते. हे मी बोलता बोलता सहज सांगितले होते. आपण मात्र तिथेच थांबलात आणि वही घ्यायला लावलीत. तीच तार त्याच स्वरात लावली तर तिचा ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ३० ला ३४ ने भागून त्याचा वर्ग केला की सुमारे ०.७८ येतात, म्हणजे आखूड बेसवर ताण मुळातच २२ टक्के कमी. त्यात अर्धा स्वर उतरवला की उरलेल्यातला आणखी ११ टक्के जातो. दोन्ही मिळून माझ्या तारा लांब बेसवरच्या तशाच तारांपेक्षा सुमारे ३० टक्के ढिल्या होत्या. ई तार जोरात छेडली की ती पडद्यांवर (फ्रेटवर) खडखडते आणि पहिल्या क्षणी स्वर चढून मग खाली येतो, याचा दोष मी माझ्या बोटांना देत असे. वहीतल्या आकड्यांनी तो तारेच्या ताणात दाखवून दिला.

उपायही त्याच हिशोबातून निघाला. तारेचे वजन ढोबळमानाने जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. ०.१०० इंचाच्या ई तारेऐवजी ०.१०५ ची घेतली तर वजन सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि अर्धा स्वर उतरवल्याने गेलेला ताण जवळजवळ सगळा परत येतो. म्हणून ४५-६५-८०-१०० (चारही तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) हा नेहमीचा संच सोडून ५०-७०-८५-१०५ चा आखूड स्केलचा संच घ्यावा, असे आपण सुचवलेत. त्याहून जाड तारांच्या मागे लागू नकोस, असेही बजावलेत, कारण आखूड लांबीवर फार जाड तार ताठ होते, तिच्या मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे उपस्वर सुरात राहत नाहीत आणि बाराव्या पडद्यावर ती चढी बोलू लागते. गायकाची पट्टी, वाद्याची लांबी आणि तारेची जाडी या तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

तारांच्या वेष्टणाबद्दल माझा कल ठरलेला होता. मला फ्लॅटवाउंड हव्या होत्या. त्यांच्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, बोट सरकवताना चरचर होत नाही, आणि आवाज गोल, आटोपशीर येतो. जेम्स जेमर्सन यांच्यासारख्या थोर बेसवादकाने आयुष्यभर तशाच तारा वाजवल्या, आणि ढोलकीच्या शेजारी तो लवकर विरणारा आवाज शोभतोही. आपण त्यांतले काहीही खोडून काढले नाही. फक्त विचारलेत, "कार्यक्रमाला बॉक्स असतात की कर्णे?"

हा प्रश्न आमच्या गावांत बसल्याशिवाय सुचणारा नाही. मोठ्या कार्यक्रमाला साउंडवाले मोठे बॉक्स आणतात. पण वस्तीतल्या वर्गणीच्या कार्यक्रमाला खांबांवर बांधलेले कर्णे आणि मंचाच्या कडेला एखादा छोटा स्पीकर, एवढेच असते. बेसच्या ई तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा, आणि माझा उतरवलेला तर ३९ च्या आसपास. असला खोल स्वर कर्ण्यातून बाहेर पडतच नाही. तरीही बेस ऐकू येतो, कारण त्याच तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात आणि त्यांवरून आपला कान मूळ स्वर जुळवून घेतो. फ्लॅटवाउंडमध्ये हे वरचे उपस्वर कमी असतात, त्यामुळे घरी हेडफोनवर सुंदर वाटणारी ती तार कर्ण्यांवर जवळजवळ नाहीशी होते. गोल वेष्टणाच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांत उपस्वर भरपूर असतात आणि त्या स्टेनलेस स्टीलइतक्या कर्कशही नसतात. आपला कौल त्यांना मिळाला, आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या बहिणीने या वर्षी प्रथमच बेस कळत असल्याचे सांगितले, तेव्हा तो कौल किती अचूक होता हे मला उमगले.

फ्लॅटवाउंडची आवड मात्र मी सोडलेली नाही. बॉक्स असलेल्या ठिकाणी त्या मला आजही हव्याशा वाटतात.

बोटांचा विषय निघाला तेव्हाचे आपले उत्तरही मी जपून ठेवले आहे. रोवणीच्या दिवसांत सारा वेळ हात चिखलपाण्यात असतात, बोटांची टोके भिजून मऊ पडतात, आणि तशा बोटांनी गोल वेष्टणाची तार दाबली की कातडी सोलते. काळ्या नायलॉनच्या तारा मऊ असतात, असे मी कुठेतरी ऐकले होते. त्या आखूड स्केलसाठीही मिळतात, असे आपण सांगितलेत. पण त्यांचा ताण बहुधा आणखी कमी असतो, म्हणून काळी दोनला उतरवणाऱ्या माझ्यासारखीला त्या सुचवल्या नाहीत. त्याऐवजी रोवणी संपून बोटे कोरडी होईपर्यंत सराव थोडा आणि हलक्या हाताने कर, असे म्हणालात. शेतात राबणाऱ्या मुलीचा हात आपण तारेच्या निवडीत धरलात, याचे मोल मला फार वाटते.

तारा चढवतानाही आपण फोनवर सोबत होतात. तार कापण्याआधी, जिथे ती खुंटीत शिरणार त्याच्या थोडे पुढे काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची, म्हणजे वेष्टण मागे सरकत नाही. टोक खुंटीच्या मधल्या छिद्रात पूर्ण उतरवायचे आणि वेढे वरून खाली एकाला एक लागून घ्यायचे, म्हणजे तार नटवर खाली दाबून बसते. सुरात आणताना ई तार नटमध्ये टक्कन आवाज करून उडी मारत होती. त्या खाचेत शिसपेन्सिल घासायला आपण सांगितले आणि उडी थांबली. खाच अरुंदच निघाली असती तर कानशीने स्वतः घासू नकोस, बेस माझ्याकडे घेऊन ये, हेही आपण आधीच सांगून ठेवले होते.

जाड तारांनी मानेवरची ओढ वाढते, म्हणून पहिला आणि शेवटचा पडदा दाबून मधल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहायला आपण शिकवलेत. मानेचा बाक कमीजास्त करणारा आतला दांडा, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही आणि फिरवल्यावर लाकडाला वेळ द्यायचा, हा आपला नियम मी पाळते. आपल्याकडे नवतपात लाकूड सुकते आणि मृगानंतर हवेतले पाणी पिऊन फुगते, म्हणून ही फट उन्हाळ्यात एकदा आणि पाऊस लागल्यावर पुन्हा तपासायची, हे मी बेसच्या खोळीत चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे.

या सगळ्याचे आपण काहीही घेतले नाही. दुकान चालवणाऱ्या माणसाचा वेळ म्हणजे त्याची मजुरी, हे मला कळते. आमच्या मंडळातील सर्वांच्या वतीने मी आपली मनापासून ऋणी आहे, आणि येत्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाला काकूंना घेऊन आपण यावे अशी आम्हा सर्वांची आग्रहाची विनंती आहे. त्या दिवशी बॉक्स येणार आहेत.

एक काम मात्र पुन्हा आपल्याकडेच आणत आहे. शेजारच्या गावातील एका मुलाकडे ३० इंचीच बेस आहे, पण त्याच्या तारा अंगाच्या मागच्या बाजूने आत घातल्या जातात. आपण शिकवले तसे टेप लावून आम्ही मोजले: गोळीपासून नटपर्यंत साडेतेहतीस इंच. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला आखूड संच अपुरा पडेल आणि मध्यम स्केलचा घ्यावा लागेल. तो नेहमीच्या सुरातच, तारा न उतरवता वाजवतो, म्हणून जाडी ४५ ते १०० पुरेल असे वाटते. त्याने पैसे जमवले आहेत. आपण एकदा पाहून होकार दिलात की तारा मागवतो.

आपली नम्र,
ब्रह्मपुरी तालुक्यातील आपली विद्यार्थिनी