तांबटकाका, ती नळी अजून शाबूत आहे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

त्या सोमवारी मी नाशिकच्या भांडी बाजारात येऊन तुम्हाला आमच्या वाफेच्या गाडीच्या वेगाचा आकडा सांगितला, ताशी ६१.८० किलोमीटर. तुम्ही मान वर न करता तुम्हीच वाकवलेल्या बॉयलरच्या नळीबद्दल विचारलंत, "नळी कशी आहे?" शाबूत आहे म्हटल्यावर "बरं" म्हणालात आणि समोरच्या गिऱ्हाइकाला घंगाळाचा भाव सांगायला लागलात. आभार मानायला आले होते, ते तसेच परत नेले. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमचा नातू वाचून दाखवेल. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, घातलेलं नाही.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही तिघं नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत नोकरी करणारे. सुट्टीच्या दिवशी एका शेडमध्ये वाफेवर चालणारी गाडी बांधतो. जुन्या दुचाकींची दोन टू-स्ट्रोक इंजिनं जोडून त्यांत पेट्रोलऐवजी वाफ सोडायची, एवढीच कल्पना. मोटारगाडीचा पहिला नोंदलेला वेगविक्रम १८ डिसेंबर १८९८ चा, पॅरिसजवळचा. गास्तोन द शासलू-लोबा यांनी विजेच्या गाडीतून एक किलोमीटर ५७ सेकंदांत कापला, म्हणजे ताशी ६३.१५ किलोमीटर. नाशिकमध्ये बांधलेल्या वाफेच्या गाडीने तो आकडा ओलांडायचा, असं आम्ही ठरवलं होतं. आज त्या वेगाने स्कूटरही जाते, पण स्वतः उकळलेल्या पाण्यावर तिथवर जायचं म्हणजे काय, ते आता आम्हाला कळलंय.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या डाव्या हाताला पट्टी होती. एसीच्या तांब्याच्या नळीचं वेटोळं करून आम्ही बॉयलर केला होता. तो शेडमध्येच फुगला आणि फाटला. मला ती फाटलेली जागा झाळून हवी होती. तुम्ही झाळायला साफ नकार दिलात. एक तांब्याची पट्टी भट्टीत लाल केलीत, पाण्यात बुडवलीत आणि दोन बोटांनी वाकवून माझ्या हातात दिलीत. मग तीच पट्टी ऐरणीवर दहा-बारा ठोके घालून परत दिलीत, आता ती मला वाकेना. "तांबं ठोके खाल्लं की ताठ, विस्तव पाहिला की मऊ. तुझी नळी वाईट नाही ताई, ती चुकीच्या जागी बसवलीय." ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तांब्यावर पोट चाललं, त्यांनीच मला सांगितलं की इथे तांबं चालणार नाही, पोलाद आण. एक झाळण करून दिलं असतंत तर तुमचे पैसे झाले असते आणि पुढच्या वेळी माझा हात गेला असता.

मग बंबाची गोष्ट. तुमच्या दुकानात तीन बंब ओळीने उभे असतात. त्यातल्या एकाचं झाकण काढून तुम्ही म्हणालात, "यात विस्तव मधे आणि पाणी भोवती. तुला पाहिजे ते उलटं. पाणी मधे, विस्तव भोवती." कॉलेजात चार वर्षांत मला बॉयलरचे दोन मुख्य प्रकार इतके स्वच्छ कुणी समजावले नव्हते. अमेरिकेतल्या स्टॅन्ली बंधूंच्या गाडीचा बॉयलर तुमच्या बंबाच्या घराण्यातला: पाण्याच्या पिंपातून शेकडो धुराच्या नळ्या, आणि पिंप फुटू नये म्हणून बाहेरून पियानोची तार गुंडाळलेली. त्याच बॉयलरवर फ्रेड मॅरियट २६ जानेवारी १९०६ ला फ्लोरिडाच्या वाळूवरून ताशी २०५.४४ किलोमीटरने गेला. वाफेच्या रेल्वे इंजिनांत सगळ्यात वेगवान ठरलेलं इंग्लंडचं मॅलार्ड १९३८ साली ताशी २०३ च्या आसपास पोचलं, म्हणजे ही मोटारगाडी त्याच्याही थोडी पुढे होती, आणि ३२ वर्षं आधी. आमची नळी मात्र फ्रान्सच्या लेऑन सेर्पोलेच्या वळणाची. त्याने १९०२ साली नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर वाफेवर ताशी १२०.८० गाठले होते. अशा बॉयलरमध्ये पाण्याचा साठाच नसतो. पंपाने एका टोकातून पाणी ढकलायचं, दुसऱ्या टोकातून वाफ. आमच्या २४ मीटर नळीत दोन लिटरही पाणी मावत नाही. बॉयलरच्या कायद्यात २५ लिटरच्या आतली भांडी येत नाहीत, म्हणून आम्हाला सरकारी तपासणी लागली नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, "सरकारला नको असेल, मला पाहिजे." आणि निफाडकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेल्या तुमच्या व्याह्यांना बोलावलंत.

पण त्याआधीच्या तीन रात्री. दुकान बंद झाल्यावर, भट्टी पुन्हा पेटवून. तांब्याची नळी वाकवताना तुम्ही आत राळ भरता, पण लाल केलेल्या पोलादात राळ जळून जाते, म्हणून वाळू. गोदावरीची वाळू तुम्ही आधी चाळलीत, मग कढईत दोन तास भाजलीत. मी घाई केली तेव्हा तुम्ही गरम वाळूवर पितळी थाळी पालथी घातलीत आणि उचलून दाखवलीत. आतून दव धरलं होतं. दोन्ही तोंडं बंद केलेल्या नळीत एवढीशी ओल राहिली आणि नळी भट्टीत गेली, तर ती वाफ लाकडी बूच गोळीसारखं उडवते. थाळी कोरडी निघेपर्यंत तुम्ही नळीला हात लावला नाहीत. मग वाळू भरताना नळीला लाकडी मोगरीने सारखं ठोकत राहिलात. आवाज भरीव येईपर्यंत. मला तो आवाजातला फरक दुसऱ्या रात्री ऐकू यायला लागला आणि त्याचा मला फार आनंद झाला होता, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

सहा-सहा मीटरचे चार तुकडे, आठ इंची पाइपाभोवती. एकही वळण चपटं झालं नाही. सांधे विस्तवाच्या बाहेर ठेवायचे ही सूचनाही तुमचीच. तिन्ही सांधे अंबडच्या आमच्या वेल्डरने मारले, आणि तुम्ही ते बोटाने चाचपून पाहिलेत.

त्या रात्रींपैकी एकदा चहाच्या वेळी मी तुम्हाला इंग्रजांच्या 'इन्स्पिरेशन' या वाफेच्या गाडीचं सांगितलं. मॅरियटचा विक्रम १०३ वर्षं अधिकृतपणे कुणाला मोडता आला नव्हता. २५ ऑगस्ट २००९ ला कॅलिफोर्नियात एडवर्ड्स इथल्या हवाई दलाच्या तळावर चार्ल्स बर्नेटने एका मैलावर ताशी २२५.०६ ची सरासरी काढली, दुसऱ्या दिवशी डॉन वेल्सने एका किलोमीटरवर २३८.६८. बारा बॉयलर, चारशे अंशांची वाफ, ती टर्बाइनवर. आणि बॉयलरांत मिळून जवळजवळ तीन किलोमीटर नळी. तुम्ही कप खाली ठेवलात. "तीन किलोमीटर? वाकवली कुणी?" मला सांगता आलं नाही. चालवणाऱ्यांची नावं मला तोंडपाठ होती.

हे पत्र मी त्या प्रश्नामुळे लिहायला घेतलं.

व्याह्यांनी चाचणी घेतली ती पाण्याची. आम्ही दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाबावर गाडी चालवणार, म्हणून थंड पाणी भरून ३० किलोपर्यंत. पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे काही फुटलंच तर पिचकारी उडते आणि संपतं. वाफ तशी संपत नाही, ती फुगत जाते. अर्धा तास काटा हलला नाही.

जानेवारीतला तो रविवार. सिन्नरजवळ एका खासगी जागेतला सरळ रस्ता, मालकांच्या परवानगीने, जेमतेम किलोमीटरभर. मधले २०० मीटर मोजायचे, दोन्ही टोकांना इन्फ्रारेड सेन्सर. जगभर वेगविक्रमाला जो नियम आहे तोच आम्ही लावला: एका तासाच्या आत जाऊन परत यायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. सराव फेरीत कळलं की २० किलोवर आपण ६३ च्या काठावर आहोत. आमच्यातला एक म्हणाला, सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की वाफ बाहेर सोडणारी झडप, २६ ला लावू, ३० ला टेस्ट झालेलीच आहे. मला ते पटलं होतं, काका. माझ्या हातात पाना होता.

तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "पुराच्या वेळी आम्ही खालची भांडी माळ्यावर कधी चढवतो?" मी नाशिकची, मला माहीत होतं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की. "त्याच्या गळ्याशी येईस्तोवर का नाही थांबत? बुडत तर नसतो ना तोवर?" मी काहीच बोलले नाही. "३० थंड पाण्याला होतं. पोरी, आता नळी लाल आहे." तापलेलं पोलादही थंडाइतकं ताकदीचं राहत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. त्या दिवशी पाना हातात असताना ते मला आठवलं नाही. तोवर तुम्ही मला ताई म्हणायचात, पोरी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालात. मी पाना खाली ठेवला.

जाताना १०.९ सेकंद. तुम्ही टाळी वाजवलीत आणि दुकान उघडायचं म्हणून व्याह्यांच्या मोटारसायकलवर बसून निघालात. त्यामुळे परतीचं तुम्ही पाहिलं नाही, आणि दुकानात सांगायला तुम्ही वेळ दिला नाही. तर परतीला १२.४ लागले. दोष नळीचा नव्हता. १९ किलोच्या सिलिंडरमधून आम्ही इतक्या जोरात गॅस ओढला की सिलिंडर बाहेरून पांढरा पडला. गार पडला की आतला गॅस उकळायला उष्णता मिळत नाही, दाब उतरतो, बर्नरची ज्योत खाली बसते. सरासरी ११.६५ सेकंद, ताशी ६१.८०. शासलू-लोबांच्या मागे १.३५.

व्हॉल्व्ह २६ ला लावला असता तर कदाचित ६३.१५ झालेही असते. तुमच्या सांगण्यामुळे ते झालं नाही, आणि त्याबद्दलच मी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानते. ती नळी शेडच्या भिंतीवर टांगली आहे, एकाही वळणाला फुगवटा नाही. मी कॅलिपर लावून प्रत्येक वेढा मोजला. माझे दोन्ही मित्र त्या दिवशी घरी जेवायला वेळेवर गेले. माझी आई दारात उभी होती.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. कोळशाचे तेवढे घेतलेत, तेही सिंहस्थाच्या कलशांची घाई चालू असताना आमच्यासाठी तीन रात्री जागून. त्याची फेड कशी करायची ते मला अजून सुचलेलं नाही.

पुढच्या थंडीत दोन सिलिंडर जोडणार आहोत आणि नळी ३० मीटरची करायची आहे, म्हणजे अजून एक तुकडा. दिवाळीची गर्दी ओसरली की येते. वाळू या वेळी मी घरून चाळून, भाजून आणते. थाळी मात्र तुमचीच लागेल.

तुमची,
नळीवाली पोर