रिचमंड पार्कमधला शनिवार

लंडन,
२० ऑक्टोबर

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

दापोलीत आता भातकापणी सुरू झाली असेल. गेल्या शनिवारी आम्ही मुलांना घेऊन दिवसभर रिचमंड पार्कमध्ये गेलो होतो. तो दिवस तुम्हांला सविस्तर लिहून कळवायचा असे ठरवल्यामुळे फोनवर मी मुद्दामच थोडक्यात बोलले.

पार्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झोपाळे आणि घसरगुंडी येते. हे मात्र सुमारे २५०० एकरांचे गवताळ माळरान आहे आणि त्यात शेकडो वर्षांचे ओक वृक्ष उभे आहेत. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली शिकारीसाठी या जागेला भिंत घालून आत हरणे सोडली. बाबा, पुढचा भाग तुम्हांला आवडेल. अठराव्या शतकात राजकन्या अमेलियाने सामान्य लोकांना आत येणे जवळजवळ बंद केले होते, तेव्हा जॉन लुईस नावाच्या एका बिअर बनवणाऱ्याने कोर्टात दावा लावला आणि १७५८ साली पायी चालणाऱ्यांचा हक्क परत मिळवला. मी हे थोरलीला सांगितले, तेव्हा तिने भिंतीवरून हात फिरवत विचारले, “म्हणजे आपण त्याच्यामुळे आत आलो?”

ऑक्टोबरमध्ये जाण्याचे खरे कारण म्हणजे हरणे. तांबडी आणि फॅलो अशा दोन जातींची मिळून सहाशेहून अधिक हरणे तिथे मोकळी फिरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा मीलनकाळ असतो. आम्ही अंधारातच घर सोडले, म्हणून धुके विरण्याआधी पोहोचलो. प्रथम नुसता आवाज आला, घोगरा आणि खोल, पोटातून निघालेला. छोटूने माझा हात घट्ट धरला. मग नेच्यांच्या तांबूस झालेल्या झुडपांतून एक मोठा नर बाहेर आला. त्याच्या शिंगांत नेच्यांच्या फांद्या अडकलेल्या होत्या. हे नर मुद्दाम झुडपांत शिंगे घुसळतात, म्हणजे ती अधिक मोठी आणि भारदस्त दिसतात. आपल्या सांबरासारखीच यांचीही शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नव्याने वाढतात, हे ऐकून छोटूने आपल्या पडलेल्या दाताची आठवण करून दिली.

या दिवसांत नर हरीण अंगावर येऊ शकते, म्हणून किमान ५० मीटर अंतर राखावे अशी तिथली सूचना आहे. काही माणसे मोबाईल पुढे करून अगदी जवळ जात होती, ते पाहून मला फार वाईट वाटले. लहान मुले मोठ्यांकडे पाहूनच शिकतात. आम्ही एका पडलेल्या ओंडक्यामागे सतरंजी घातली, थर्मासमधला चहा आणि थालीपीठ काढले आणि पाऊण तास दुर्बिणीतून पाहत बसलो. इतका वेळ छोटू एका जागी बसल्याचे मला तरी आठवत नाही.

दुपारी मात्र त्याचे रडणे झाले. ओकची फळे, ती टोपी घातलेल्या सुपारीसारखी दिसतात, त्याने खिसे भरून गोळा केली होती. तिथून ती आणण्याची परवानगी नाही, कारण थंडीआधी अंगावर चरबी चढवण्यासाठी हरणे तीच खातात. विशेषतः नरांना त्यांची गरज असते, कारण मीलनकाळात ते फारसे खातच नाहीत. बाबा, त्या वेळी मला आपले परसातले चिकूचे झाड आठवले. शेंड्यावरचे चिकू तुम्ही आम्हांला कधीच काढू दिले नाहीत, “ते वटवाघळांचे” म्हणायचात. तेच मी त्याला सांगितले. त्याने एकेक फळ मोजून त्याच झाडाखाली ठेवले.

म्हणून परतताना घराजवळच्या रस्त्यावरच्या हॉर्स चेस्टनटची फळे त्याला वेचू दिली. त्या झाडाचे पान सावरीच्या पानासारखे पंजाच्या आकाराचे असते. इथे त्याच्या बियांना कॉन्कर म्हणतात; त्यांना भोक पाडून बुटाच्या नाडीत ओवतात आणि एकाने धरलेल्या कॉन्करवर दुसऱ्याने आपला आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला. ही बी विषारी असते, खायचे चेस्टनट वेगळे. आई, ओळख अशी: खाण्याच्या फळाचे कवच साळिंदरासारखे दाट, बारीक काट्यांचे, तर कॉन्करच्या कवचावर थोडेच आखूड, जाड काटे असतात. दोन्ही मुलांकडून मी हे पाठ करून घेतले आहे. तुमच्या जावयांनी भोके पाडून दिली आणि रात्री जेवणाआधी थोरली सलग तीन डाव जिंकली.

पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी ऑक्टोबरातच यावे. उन्हाळ्यात सगळेच येतात, पण हे दृश्य तेव्हा नसते. रिचमंड स्टेशनपासून पार्कच्या दारापर्यंत बस जाते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. फक्त लोकरीचे मोजे आणि घट्ट बूट आणावेत. सकाळी गवत पूर्ण ओले असते.

येत्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातील आणि आपल्यातले अंतर साडेचारऐवजी साडेपाच तासांचे होईल. त्यामुळे रविवारचा फोन तुमच्या साडेसहाऐवजी साडेसात वाजता येईल. छोटूला आजोबांना कॉन्कर दाखवायचा आहे, तेव्हा कृपया व्हिडिओ सुरू ठेवा.

तुमची लेक