विषय: डिझेल गाडीत चुकीचं ॲव्हरेज दाखवणारं यंत्र परत घेऊन पैसे देण्याबाबत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या माणसाने माझा फोन कापला, म्हणून हे लेखी.

माझी गाडी डिझेलची. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाची माहिती वाचायची जागा) तुमचं यंत्र लावलं की मोबाइलवर लिटरला 8 किलोमीटर दिसतात. टाकी फुल्ल ते फुल्ल हिशेब केला की 17. खोक्यावर तर ‘पेट्रोल व डिझेल’ असं ठळक छापलंय.

कारण तुम्हाला माहीत असणारच. यंत्र इंधन मोजतच नाही. एअर फ्लो सेन्सरकडून इंजिनात गेलेल्या हवेचा आकडा घेतं आणि त्याला 14.7 ने भागतं, म्हणजे एक भाग इंधनाला वजनाने 14.7 भाग हवा धरतं. तो आकडा ॲपच्या सेटिंगमध्ये दिसतो, बदलता येत नाही. पेट्रोल गाडीत ठीक आहे, तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, साधारण तेच प्रमाण सांभाळतो. डिझेल इंजिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं. कमीजास्त होतं ते डिझेल. सायनच्या सिग्नलला गाडी नुसती चालू उभी असली की ही चूक आणखी वाढते. खंडाळ्याच्या घाटात गिअरमध्ये उतरताना डिझेल सोडणारे इंजेक्टर बंद असतात, तरी तुमचं यंत्र डिझेल जळतंय असंच दाखवतं.

हेच मी फोनवर सांगत होते. मला मध्येच तोडून तो म्हणाला, “मॅडम, साहेबांना फोन द्या ना, त्यांना समजावतो.” म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, मीच चालवते. “मग घरात गाडीतलं कळणारं दुसरं कोणी?” मी पुन्हा 14.7 चं विचारलं. उत्तर आलं, “लेडीज ड्रायव्हिंगला ॲव्हरेज पडतंच, क्लचवर पाय ठेवत असाल.” आणि फोन बंद. भांडुपहून अंधेरीपर्यंतच्या ऑफिसांना मी जेवण पोचवते. किलोमीटरमागे किती डिझेल लागतं, यावर माझे दर ठरतात. मला म्हणे साहेबांना फोन द्या!

पूर्ण पैसे परत हवेत. ज्या गाडीचा ईसीयू इंधनाचा दर स्वतः पाठवतो तिथे तो वाचा, बाकी डिझेलवाल्यांना हे विकणं बंद करा. आणि त्या माणसाने माझी माफी मागावी.

15 दिवसांत झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली मी राहते तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करीन. खोक्याचे फोटो आणि पंपाच्या पावत्या माझ्याकडे आहेत. ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं तुमचीच टेप सांगते. ते रेकॉर्डिंग पुसू नका, मी मागणार आहे.

एक ग्राहक, भांडुप