साडेतीन तास म्हणजे साडेतीन तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी झालेल्या पिंपळगाव बसवंत ते निफाड अर्धमॅरेथॉनची बातमी आणि छायाचित्रे आपल्या कालच्या अंकात पाहिली. मार्गावर पाण्याची चोख व्यवस्था होती आणि शेवटच्या धावपटूपर्यंत सर्वांची काळजी घेतली गेली, असे त्या बातमीत म्हटले आहे. त्या दिवशी सर्वांत मागे असलेल्या दहा-बारा जणांपैकी मी एक होते, त्यामुळे हे विधान वाचून मला गप्प बसवत नाही.

माझे वय 59 आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गोल्फ क्लब मैदानावर चालायला लागले, मग हळूहळू धावायला लागले आणि गेले नऊ महिने दर रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या बाजूला सराव करत होते. हीच शर्यत निवडण्याचे कारण एकच होते. नोंदणीच्या अर्जावर कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची शेवटची मुदत, साडेतीन तासांचा छापलेला होता. 21.0975 किलोमीटर साडेतीन तासांत संपवायचे तर किलोमीटरला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. माझा सरावातला वेग साडेनऊ मिनिटांचा होता. हा हिशेब मी वहीत मांडला, घरच्यांना दाखवला आणि मगच पैसे भरले.

सकाळी साडेसहाला फ्लॅग ऑफ झाला तेव्हा अंधार पुरता सरलेला नव्हता आणि निफाडकडच्या थंडीची ख्याती मी आपल्या वाचकांना सांगायला नको. पहिले दहा-बारा किलोमीटर फार सुंदर गेले. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, मधूनच कांद्याची आणि गव्हाची शेते लागत होती आणि गावागावांत शाळेची मुले टाळ्या वाजवत उभी होती. आयोजकांनी हा आतला रस्ता निवडला, त्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानते.

सोळाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाशी मी नऊ वाजून पाच मिनिटांनी पोहोचले. टेबल घडी करून ठेवलेले होते आणि दोन मुले पाण्याचे जार टेम्पोत चढवत होती. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, “काकू, आता संपलंय. बसा टेम्पोत, सोडतो तुम्हाला निफाडला.” शर्यत संपायला अजून पंचावन्न मिनिटे होती आणि मी माझ्या वेळेत होते. मी घड्याळ दाखवले, तेव्हा आपल्याला नऊला आवरायला सांगितले आहे, असे तो म्हणाला. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने आधी भरलेल्या जारमधून मला एक पेला पाणी काढून दिले. पण माझ्या मागे आणखी दोघी जणी होत्या, त्यांच्यासाठी तेही उरले नाही. पुढचा अठराव्या किलोमीटरचा थांबा तर जागेवर नव्हताच. रस्त्याकडेला चुरगळलेले कागदी पेले तेवढे पडले होते. तोवर रस्ता वाहतुकीला खुला झाला होता आणि द्राक्षाचे क्रेट भरलेले टेम्पो आमच्या अंगावरून जात होते. शेतकऱ्याचा माल वेळेत जायलाच हवा, माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही.

एका बागेत द्राक्षतोड चालू होती. मला बांधाशी वाकून उभी राहिलेली पाहून तोडणाऱ्या बायकांपैकी एक आजीबाई हातातली कात्री ठेवून कळशी घेऊन रस्त्यावर आल्या. “आधी पाणी पी बाई, मग पळ,” एवढेच त्या म्हणाल्या आणि माझ्या ओंजळीत त्यांनी पाणी ओतले. मागून येणाऱ्या दोघींसाठीही त्या तिथेच थांबल्या. बातमीत जिचे कौतुक आहे ती शेवटच्या धावपटूची काळजी त्या आजीबाईंनी घेतली.

पहिला येणारा धावपटू सव्वा तासाच्या आसपास पोहोचतो, म्हणजे पावणेआठला, ऊन चढायच्या आत. साध्या माणसाच्या वाट्याला मात्र नऊ ते दहा हा शर्यतीतला सर्वांत तापलेला तास येतो, आणि नेमके तेव्हाच पाणी उचलले जाते. दहा किलोमीटरपेक्षा लांबच्या शर्यतीत सुमारे दर पाच किलोमीटरला पाणी असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो शेवटचा माणूस जाईपर्यंत पाळायचा असतो. व्यासपीठावरून धावपटू कविता राऊत यांचे नाव घेतले गेले, ते योग्यच झाले. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक जिंकणारी ही मुलगी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आहे, याचा अभिमान मलाही आहे. पण त्यांच्या नावाने बायकांना धावायला बोलवायचे आणि धावत असतानाच त्यांच्यापुढचे पाणी काढून न्यायचे, हे मला पटत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट लिहिते. संपूर्ण मार्गावर बायकांसाठी एकही स्वच्छतागृह नव्हते. पुरुष कुठेही आडोसा पाहतात. आम्ही मात्र वाटेत अडचण नको म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो आणि तशाच कोरड्या अंगाने एकवीस किलोमीटर धावतो. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या एका मैत्रिणीच्या पोटऱ्यांत चौदाव्या किलोमीटरला असे गोळे आले की तिला तिथेच थांबावे लागले. वाटेवरच्या शाळांची कुलपे त्या सकाळपुरती उघडून घेतली असती तरी पुरले असते.

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी मी शर्यत पूर्ण केली. शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरलेली होती, धावपटूजवळच्या चिपवरून वेळेची नोंद घेणारी चटई गुंडाळलेली होती आणि एका कार्यकर्त्याने खोक्यातून शोधून मला पदक दिले. संध्याकाळी निकाल पाहिला, तर माझ्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’ असा शेरा होता. तीन तास बावीस मिनिटांची नोंद माझ्या घड्याळात आहे, आणि मी पोहोचले तेव्हा तिथे हजर असलेल्या चार माणसांनी मला येताना पाहिले आहे. त्या शेऱ्याने मला जितके लागले, तितके पाय दुखल्यानेही लागले नाही.

आयोजकांनी माझा आणि माझ्या मागून आलेल्या दोघींचा निकाल दुरुस्त करावा, आणि आपणही बातमीतले ते वाक्य दुरुस्त करून छापावे, अशी माझी विनंती आहे. घड्याळातली नोंद पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक, नाशिक